ठसका : एका शेतकऱ्याची, एका डॉक्टरची आणि आपल्या घासाची गोष्ट

नीरा आणि भीमा जिथे एकमेकींना भेटतात, त्या संगमावर आमचे नरसिंहपूर वसले आहे. लक्ष्मी-नृसिंहाच्या दर्शनाला दूरदूरची कुळे येथे येतात. वैशाखात नृसिंह जयंतीला गाव माणसांनी फुलून जातो, पंगती उठतात आणि बसतात. अशा पंगतीत कुणाला तरी ठसका लागतोच. लगेच शेजारचा माणूस पाठीवर थाप मारतो, कुणी टाळूवर टपल्या मारून ‘वर बघ, वर बघ’ म्हणतो, पाण्याचा पेला पुढे येतो. क्षणभराने सगळे शांत होते आणि जेवण पुढे चालू राहते. ठसका ही दखल घेण्यासारखी गोष्ट आहे, असे आपल्याला कधी वाटतच नाही. मलाही वाटत नव्हते.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. नदीकाठच्या मळ्यात राहणारे एक सत्तरीकडे झुकलेले गृहस्थ पावसाळ्यात खोकला आणि ताप घेऊन माझ्याकडे आले. आम्ही सारे त्यांना तात्या म्हणत असू. छाती तपासली, उजव्या बाजूला खाली थोडा आवाज ऐकू आला. औषध दिले, आठ दिवसांत ताप उतरला. महिन्याभराने तात्या पुन्हा आले. तोच ताप, तोच खोकला, तीच उजवी बाजू. पुन्हा औषध दिले. तिसऱ्या खेपेला मी क्ष-किरण तपासणी करायला लावली, थुंकी तपासून क्षयरोग नसल्याची खात्री करून घेतली आणि वयामुळे फुप्फुसे अशक्त झाली असावीत, अशी स्वतःची समजूत घातली. दिवाळी उलटली, तरी तात्यांचा खोकला हटेना. वजन मात्र घटत गेले.

शेवटी त्यांना पुण्याला पाठवले. तेथील तज्ज्ञांनी श्वासनलिकेत दुर्बीण घातली आणि उजव्या फुप्फुसाकडे जाणाऱ्या शाखेतून सुपारीचे एक खांड बाहेर काढले. तात्या बरे होऊन आल्यावर त्यांच्या सूनबाईंना आठवले, “आषाढात पान खाताना मामंजींना जोराचा ठसका लागला होता. डोळे पांढरे झाले होते. मग थांबलं, म्हणून आम्हीही विसरलो.” मी तात्यांना म्हणालो, “तात्या, हे तुम्ही मला सांगायचं होतं.” ते हसले आणि म्हणाले, “डॉक्टर, सांगितलं असतं की. पण तुम्ही कुठं विचारलंत?”

त्या वाक्याचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. चार महिने मी त्यांच्या छातीवर नळी टेकवून ऐकत होतो, पण एक साधा प्रश्न माझ्याकडून राहून गेला होता. त्यानंतर या विषयावर जे मिळेल ते वाचत गेलो आणि वाचता वाचता एका जर्मन डॉक्टरची ओळख झाली. त्याच्याही आयुष्यातील सर्वांत महत्त्वाचा रुग्ण साठी ओलांडलेला एक शेतकरीच होता.

घशात पाहण्याची धडपड

घसा हा तसा आपल्या अगदी तोंडाशी असलेला भाग. तथापि त्याच्या तळाशी असलेले स्वरयंत्र जिवंत माणसात कसे दिसते, हे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत वैद्यकाला नीटसे ठाऊक नव्हते. ते प्रथम स्पष्टपणे पाहिले, ते कोणा डॉक्टरने नव्हे, तर गाणे शिकवणाऱ्या एका गुरूने. १८५४ साली मॅन्युएल गार्सिया या स्पॅनिश गायनशिक्षकाने दंतवैद्याचा लहानसा आरसा स्वतःच्या घशात धरला, दुसऱ्या आरशाने त्यावर सूर्यप्रकाश पाडला आणि स्वतःचे स्वरतंतू हलताना पाहिले. पुढे व्हिएन्नाचे ट्यूर्क आणि त्यांचे समकालीन चेर्माक यांनी हा आरसा रुग्णांच्या तपासणीसाठी वापरात आणला. घशाच्या विकारांचे स्वतंत्र शास्त्र येथून सुरू झाले.

या शास्त्राची कसोटी लागली ती जर्मनीच्या राजघराण्यात. १८८७ च्या आरंभी युवराज फ्रेडरिक यांचा आवाज बसला. आरशातून पाहता डाव्या स्वरतंतूवर एक लहान गाठ दिसली. ती कर्करोगाची आहे की नाही, यावर जर्मन डॉक्टर आणि इंग्लंडहून बोलावलेले घशाचे तज्ज्ञ मॉरेल मॅकेन्झी यांच्यात तीव्र मतभेद झाले. मॅकेन्झींनी काढलेल्या तुकड्यांत थोर शास्त्रज्ञ फिर्खो यांना कर्करोग आढळला नाही, म्हणून मोठी शस्त्रक्रिया टळली. दुर्दैवाने रोग कर्करोगाचाच होता. १८८८ च्या फेब्रुवारीत श्वासासाठी गळ्याला छिद्र पाडावे लागले. मार्चमध्ये फ्रेडरिक सम्राट झाले, तेव्हा त्यांना बोलता येत नव्हते. अवघ्या ९९ दिवसांच्या राज्यानंतर १५ जून १८८८ रोजी त्यांचा अंत झाला. आवाज तीन आठवड्यांहून अधिक काळ बसलेला राहिला, तर घसा तपासून घ्यावा, असे आम्ही आज तंबाखू खाणाऱ्या प्रत्येक आजोबांना सांगतो. त्यामागे असा इतिहास आहे.

फ्रायबुर्गचा तरुण डॉक्टर

याच काळात गुस्ताव किलियान हा तरुण वैद्य जर्मनीच्या नैर्ऋत्येकडील फ्रायबुर्ग या विद्यापीठाच्या गावी नाक आणि घसा विभागाचे काम पाहू लागला होता. त्याचा जन्म माइन्त्स शहरात २ जून १८६० रोजी झाला. वयाच्या तिशीपूर्वीच हा विभाग त्याच्याकडे आला. त्या काळी नाक-घशाच्या विभागाला फारशी प्रतिष्ठा नव्हती. शस्त्रक्रियेच्या थोर प्राध्यापकांच्या मानाने हे काम दुय्यम समजले जाई. किलियानने तक्रार न करता तेच काम अधिकाधिक बारकाईने करायचे ठरवले.

त्याच्या हाताशी दोन नव्या गोष्टी आल्या होत्या. पहिली कोकेन. १८८४ साली व्हिएन्नात डोळा बधिर करण्यासाठी तिचा उपयोग झाला आणि लवकरच ती घशासाठीही वापरली जाऊ लागली. घशाला स्पर्श होताच उमळून येणारी उबळ त्यामुळे शमवता येऊ लागली. दुसरी गोष्ट बर्लिनची. तेथील आल्फ्रेड किर्स्टाइन यांनी १८९५ साली आरसा बाजूला ठेवला, जीभ एका पट्टीने पुढे दाबली आणि विजेच्या दिव्याच्या उजेडात स्वरयंत्र सरळ नजरेने पाहिले. आरशात प्रतिबिंब उलटे दिसते. सरळ पाहिले, तर जसे आहे तसे दिसते, आणि जिथे नजर सरळ पोहोचते तिथे हत्यारही सरळ पोहोचते.

किलियानने या पद्धतीचे महत्त्व ओळखले आणि तो एक पाऊल पुढे गेला. स्वरयंत्रापाशीच का थांबायचे? त्याखाली श्वासनलिका आहे, ती दुभंगून दोन फुप्फुसांकडे जाते, मग तेथवर का पोहोचू नये? जाणकारांचे मत असे होते, की श्वासनलिकेच्या फाट्याला हत्याराचा स्पर्श झाला, तर रुग्णाच्या जिवावर बेतेल. किलियानने हे मत तपासून पाहिले. श्वासनलिका ताठ नसते, ती लवचीक असते आणि सरळ नळीने हळुवारपणे बाजूला सारता येते, असे त्याला आढळले.

३० मार्च १८९७

आदल्या डिसेंबरात ६३ वर्षांच्या एका शेतकऱ्याच्या श्वासनलिकेत जेवताना हाडाचा तुकडा गेला होता. तेव्हापासून त्याला खोकला आणि धाप होती, थुंकीतून रक्तही पडत असे. त्या काळी फुप्फुसात वस्तू अडकली, की तिच्याभोवती पू होई, ताप मुरे आणि अनेकदा माणूस दगावे. बाहेरून छाती उघडून ती वस्तू काढणे तर जवळपास अशक्य होते.

१८९७ च्या ३० मार्चला किलियानने कोकेनने घसा बधिर केला, अन्ननलिका पाहण्यासाठी वापरली जाणारी धातूची सरळ नळी त्याच्या स्वरतंतूंमधून खाली नेली आणि डोक्यावर बांधलेल्या दिव्याच्या उजेडात उजव्या शाखेत पाहिले. तेथे हाड होते, घट्ट रुतलेले. लांब चिमट्याने पुन्हापुन्हा प्रयत्न केल्यावर ते सैल झाले आणि नळीच्या वाटेने बाहेर आले. डुकराच्या हाडाचा साडेतीन सेंटिमीटर लांबीचा तो तुकडा होता. छातीला छेद नाही, गळ्याला छिद्र नाही. ज्या वाटेने हाड आत गेले, त्याच वाटेने ते बाहेर आले.

फुप्फुसाच्या आत डोळ्यांनी पाहून वस्तू काढण्याची ही पहिली नोंदलेली घटना मानली जाते. १८९८ मध्ये किलियानने ही पद्धत वैद्यकीय जगापुढे सविस्तर मांडली आणि ब्रॉन्कोस्कोपी हे नाव रूढ झाले. मग फ्रायबुर्ग हे शिकू इच्छिणाऱ्यांचे जणू तीर्थक्षेत्र बनले. जपानमधून इनोकिची कुबो तेथे येऊन शिकले आणि मायदेशी परतून त्यांनी या शास्त्राचा पाया घातला. काळाचा योगायोग असा, की १९६० च्या दशकात वाकणारी, काचतंतूंची दुर्बीण फुप्फुसांसाठी प्रथम तयार केली ती शिगेतो इकेदा या जपानी डॉक्टरनेच. तात्यांच्या छातीतून सुपारी काढणाऱ्या दुर्बिणीची वंशावळ अशी आहे.

किलियान एवढ्यावर थांबला नाही. नाकाचा वाकडा पडदा आतून सरळ करण्याची, वरचे आवरण शाबूत ठेवून आतले कूर्चा-हाड काढण्याची पद्धत त्याने विसाव्या शतकाच्या आरंभी बसवली. कपाळाच्या पोकळीवरील एक शस्त्रक्रिया त्याच्या नावाने ओळखली गेली. १९१० च्या सुमारास त्याने जीभ उचलणारी पट्टी एका आडव्या आधाराला टांगण्याची युक्ती काढली. त्यामुळे डॉक्टरचे दोन्ही हात काम करायला मोकळे झाले. १९११ साली त्याला बर्लिनला बोलावण्यात आले आणि बर्नहार्ड फ्रेंकेल यांच्यानंतर तेथील घशाच्या विभागाचा तो प्रमुख झाला. १९२१ च्या फेब्रुवारीत, वयाच्या साठाव्या वर्षी, तो वारला.

घसा जिथे संपतो आणि अन्ननलिका सुरू होते, तेथील स्नायूंमध्ये मागच्या बाजूला एक दुबळी त्रिकोणी जागा असते. आजही वैद्यकाचे विद्यार्थी ती किलियानच्या नावानेच शिकतात. उतारवयात काहींच्या या जागेतून आतल्या आवरणाची पिशवी बाहेर फुगते. मग अन्न त्यात साठते, दोन-चार तासांनी न पचलेला घास तोंडात परत येतो, गळ्यात गुडगुड ऐकू येते आणि तोंडाला वास येतो. रात्री झोपेत हेच अन्न श्वासनलिकेत उतरू शकते. आपल्या घरातील ज्येष्ठांची अशी तक्रार असेल, तर ती पित्ताची म्हणून सोडून देऊ नये.

घास गिळताना काय घडते

घास गिळणे हे आपल्याला सोपे वाटते, परंतु शरीरासाठी ते अत्यंत नाजूक काम आहे. अन्न आणि श्वास यांची वाट घशात एकच असते, पुढे ती दुभंगते. घास मागे सरकताच स्वरयंत्र वर उचलले जाते, त्यावरचे झाकण खाली येते, स्वरतंतू मिटतात आणि श्वास क्षणभर थांबतो. हे सारे एका सेकंदाच्या आसपास घडते. त्यात चूक झाली, तर ठसका लागतो. ठसका म्हणजे शरीराने चुकीच्या वाटेने जाणाऱ्या कणाला दिलेला जोराचा धक्का होय. तो आपला शत्रू नाही, राखणदार आहे.

वय वाढते तसा हा राखणदार पेंगू लागतो. स्नायू शिथिल होतात, लाळ कमी होते, दात पडतात, कवळी सैल होते. पक्षाघात, कंपवात, स्मृतिभ्रंश अशा विकारांत आणि झोपेच्या गोळ्यांच्या अमलाखाली तर कधी कधी अन्न आत गेले, तरी ठसका लागतच नाही. हा मूक प्रकार सर्वांत घातक. बाहेर काहीच दिसत नाही आणि फुप्फुसात मात्र वरचेवर सूज येते. श्वासनलिकेची उजवी शाखा डावीपेक्षा रुंद आणि अधिक सरळ असल्यामुळे आत गेलेली वस्तू बहुधा उजवीकडेच जाते. फ्रायबुर्गच्या शेतकऱ्याची तीच बाजू आणि आमच्या तात्यांचीही तीच.

म्हणून शुश्रूषा करणाऱ्यांनी काही खुणा ध्यानात ठेवाव्यात. पाणी किंवा चहा पिताना वारंवार ठसका लागणे, जेवणानंतर आवाज ओला आणि घोगरा होणे, घास गालात साठून राहणे, जेवायला पूर्वीपेक्षा बराच वेळ लागणे, वजन घटणे आणि त्याच बाजूला पुन्हापुन्हा न्यूमोनिया होणे. यांतील काहीही आढळले, तर डॉक्टरांना आवर्जून सांगावे. सुपारी, चिंचोका, सीताफळाची बी, हरभरा, शेंगदाणा अशा वस्तू साध्या क्ष-किरण चित्रात सहसा दिसत नाहीत. चित्र ठीक आले म्हणून आत काही नाही, असे समजू नये. जोराचा ठसका लागून नंतर शांत वाटणे हेही फसवे असते. वस्तू एका शाखेत स्थिरावली, की खोकला काही काळ थांबतो.

घरात काय करावे

ज्येष्ठांना शक्यतो खुर्चीवर किंवा उशांच्या आधाराने ताठ बसवूनच भरवावे. पडल्या पडल्या चमच्याने पाणी पाजण्याची सवय सोडावी. घास लहान असावा आणि पहिला गिळल्याशिवाय दुसरा देऊ नये. भाकरी आमटीत किंवा दुधात कुस्करून द्यावी. फुटाणे, चुरमुरे, लाह्या, अख्खे शेंगदाणे आणि सुपारी टाळावी. पक्षाघातानंतर कित्येकांना पातळ पाणी गिळणे सर्वांत अवघड जाते, त्यांच्यासाठी द्रव किती दाट असावा हे तज्ज्ञांकडून ठरवून घ्यावे. जेवताना बोलू नये, असे आपल्या आजी सांगत. त्यात शिस्त होती, तसे आरोग्यही होते. दूरचित्रवाणीसमोर बसून जेवण्याबाबतही हेच म्हणता येईल. जेवणानंतर निदान अर्धा तास आडवे होऊ देऊ नये. रात्री कवळी काढून ठेवावी आणि दात, जीभ, हिरड्या स्वच्छ कराव्यात. तोंडातील जंतू लाळेबरोबर फुप्फुसात उतरतात. म्हणून स्वच्छ तोंड हा न्यूमोनियावरचा स्वस्त उपाय आहे.

आमच्या इंदापूर तालुक्यात उजनीच्या पाण्यातील मासे घरोघरी शिजतात. काटा घशात अडकला, तर कोरड्या भाताचा गोळा किंवा केळे गिळायला सांगण्याची प्रथा आहे. तसे करू नये, काटा अधिक खोल रुततो. घशात बोटही घालू नये. टोचणे थांबत नसेल, लाळ गिळता येत नसेल किंवा रक्त दिसत असेल, तर त्वरित कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जावे.

आणि आता ते ‘वर बघ’. मान वर केल्याने आणि टाळूवर मारल्याने अडकलेला घास निघत नाही. उलट श्वासाची वाट अधिक सरळ आणि उघडी होते. माणूस खोकत असेल, बोलू शकत असेल, तर त्याला पुढे वाकवून खोकू द्यावे, लगेच पाणी पाजू नये. मात्र त्याला बोलता येत नसेल, खोकल्याचा आवाज निघत नसेल, हात गळ्याकडे जात असेल आणि ओठ निळे पडत असतील, तर क्षणाचाही विलंब नको. त्याला कमरेतून पुढे वाकवावे आणि दोन खांद्यांच्या पात्यांमध्ये तळहाताच्या टाचेने पाच जोरदार थापा माराव्यात. तेवढ्याने निघाले नाही, तर मागे उभे राहून त्याच्या बेंबीच्या वर, पण छातीच्या हाडाच्या खाली मूठ ठेवावी, दुसऱ्या हाताने ती धरावी आणि आत व वरच्या दिशेने पाच झटके द्यावेत. हे दोन्ही आलटून पालटून करीत राहावे. दरम्यान कुणीतरी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिकेला कळवावे. माणूस बेशुद्ध झाला, तर त्याला पाठीवर सपाट झोपवून छातीवर दाब देणे सुरू करावे. वस्तू निघाली, तरी ज्यांना पोटावर झटके दिले आहेत, त्यांना डॉक्टरांना दाखवून घ्यावे.

एक प्रश्न

किलियानचे चरित्र वाचताना मला त्याच्या नळीपेक्षा त्याची नजर अधिक मोलाची वाटली. इतरांनी जिथे थांबायचे ठरवले होते, तिथून पुढे काय असेल, हे त्याने पाहिले. माझ्याकडे अशी नळी नाही, नरसिंहपुरासारख्या गावातील दवाखान्यात ती असणारही नाही. पण विचारण्यासाठी नळी लागत नाही. तात्यांच्या त्या उत्तरानंतर, खोकला हटत नाही म्हणून येणाऱ्या प्रत्येक वृद्धाला मी औषधाआधी विचारतो, “अलीकडे जेवताना, पान खाताना ठसका लागला होता का?” त्यांना आठवले नाही, तर सोबत आलेल्या सुनेला, मुलाला, नातवाला विचारतो. बहुतेकदा उत्तर नाही असे येते. क्वचित कुणीतरी क्षणभर थांबते आणि म्हणते, “हो, लागला होता खरा.”

वाचकहो, आपल्या डॉक्टरांनी हा प्रश्न विचारला नाही, तर आपण होऊन सांगा. तात्या आज हयात नाहीत. ते गेले, ते पुढे कित्येक वर्षांनी, मळ्यात, वार्धक्याने. अखेरपर्यंत माझ्या दवाखान्यात आले, की बाकावर बसलेल्यांना ते मोठ्याने सांगत, “डॉक्टरांना ठसक्याचं सांगा हो, त्यांना विचारायचं सुचत नाही!” सारे हसत. मीही हसत असे.